कॅमेऱ्यावरचा शॉटगन माईक : नळी लांब, पण पोच किती?

हैदराबादच्या गोवळकोंडा किल्ल्यात गेलेल्या बहुतेक पर्यटकांनी एक प्रयोग पाहिलेला असतो. प्रवेशद्वाराच्या आतील घुमटाखाली ठरावीक जागी उभा राहून वाटाड्या टाळी वाजवतो आणि ती टाळी सुमारे एक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, असे सांगितले जाते. कुतुबशाहीत ही इशाऱ्याची व्यवस्था होती, ही माहितीही वाटाड्या ओघाने पुरवतो. पर्यटक मोबाइल किंवा कॅमेरा सरसावून हे सारे टिपतात. घरी परतल्यावर मात्र ध्वनिचित्रफितीत टाळी खणखणीत वाजते आणि वाटाड्याचे बोलणे सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांच्या कोलाहलात बुडून गेलेले असते. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे शब्द हरवतात आणि एक टाळी किलोमीटरभर पोहोचते, हा विरोधाभास ज्याला उलगडला, त्याला कॅमेऱ्यावर लावायचा माईक निवडणे फारसे अवघड जात नाही.

टाळी लांब पोहोचते ती ऐकणाऱ्याच्या कानाच्या करामतीने नव्हे. घुमट आणि कमानींच्या वक्र पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला आवाज एका दिशेने एकवटतो, वाटेत अडथळा नसतो आणि टाळी हा स्वभावतःच तीक्ष्ण, क्षणिक ध्वनी असल्यामुळे तो इतर गोंगाटातून वेगळा उठून दिसतो. करामत आवाजाच्या उगमापाशी आहे. शॉटगन माईक विकत घेणाऱ्यांची समजूत नेमकी उलटी असते. बंदुकीच्या नळीसारखा दिसणारा हा लांबट माईक कॅमेऱ्यावर बसवला की झूम लेन्स जसे दूरचे दृश्य जवळ आणते, तसा तो दूरचा आवाज ओढून आणील, असे त्यांना वाटते. असा कोणताही माईक अस्तित्वात नाही. शॉटगन माईक आवाज जवळ आणत नाही. तो बाजूचे आवाज काही प्रमाणात नाकारतो, एवढेच.

हे नाकारणे कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे. माईकच्या पुढच्या नळीला दोन्ही अंगांना फटी असतात आणि ध्वनी ग्रहण करणारा पडदा नळीच्या मागच्या टोकाला असतो. समोरून येणारी ध्वनिलहर नळीच्या तोंडातून शिरो वा फटींतून, पडद्यापर्यंत एकाच वेळी पोहोचते आणि तिचे सारे अंश एकमेकांना बळ देतात. बाजूने येणारी लहर मात्र वेगवेगळ्या फटींतून शिरून वेगवेगळे अंतर कापत पडद्यापाशी येते. तिच्या एका अंशाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आणि ते एकमेकांना पुसून टाकतात.

मात्र या पुसण्याला नळीच्या लांबीची मर्यादा आहे. एक हजार हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी हवेत सुमारे ३४ सेंटिमीटर असते, शंभर हर्ट्झच्या खर्जाची जवळजवळ साडेतीन मीटर. नळीपेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या लहरींना ती नळी आहे की नाही, याचा पत्ताही लागत नाही. वीस सेंटिमीटरची नळी साधारण दीड-दोन हजार हर्ट्झच्या वरच आपले काम मन लावून करते. त्याखाली मागच्या पडद्याची जी काही मूळची दिशाप्रवृत्ती असेल, तीच उरते. म्हणून रिक्षाच्या इंजिनाची घरघर, जनरेटरचा घुमारा किंवा बुलेटची धडधड शॉटगन माईक जवळजवळ जशीच्या तशी आत घेतो आणि बाजूला चाललेल्या संभाषणातील स, श, त, ट ही अक्षरे तेवढी पुसट करतो.

चित्रपटाच्या संचावर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा सेनहायझर कंपनीचा ‘एमकेएच ४१६’ हा माईक २५ सेंटिमीटर लांब आहे आणि त्यालाही या व्यवसायात ‘आखूड’ शॉटगनच म्हणतात. लांब म्हणतात तो त्याच घराण्यातील ‘८१६’, ज्याची लांबी अर्ध्या मीटरच्या पुढे जाते. या मापाने पाहिले तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारे आजचे बहुतेक माईक बालवाडीत शोभतील असे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ‘रोड’ कंपनीने २००४ मध्ये ‘व्हिडिओमाईक’ बाजारात आणला. २००८ मध्ये ‘कॅनन ५डी मार्क टू’ आल्यावर स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यांनी चलच्चित्रणाचे क्षेत्र काबीज केले आणि या छोट्या माईकांना अमाप मागणी आली. ‘व्हिडिओमाईक प्रो’ची लांबी १५ सेंटिमीटर आहे. त्याच कंपनीचा आठ सेंटिमीटरचा ‘व्हिडिओमायक्रो’ अनेक जण शॉटगन समजूनच घेतात. प्रत्यक्षात तो हृदयाच्या आकाराचे ग्रहणक्षेत्र असलेला, म्हणजे कार्डिऑइड माईक आहे. भारतात स्वस्ताईमुळे सर्वत्र दिसणारा ‘बोया’चा ‘एमएम१’ही याच जातीचा. ही नालस्ती नव्हे. हातभर अंतरावरच्या बोलण्यासाठी हे दोन्ही माईक उत्तम काम देतात. फक्त त्यांच्याकडून शॉटगनची अपेक्षा करू नये.

यापुढचा हिशेब अंतराचा. माईक आणि तोंड यांतील अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. तंत्रज्ञांच्या भाषेत तो सहा डेसिबलने उतरतो. तीस सेंटिमीटरवरचा माईक दोन मीटर चाळीस सेंटिमीटरवर नेला, तर तीन वेळा दुप्पट झाली आणि आवाज अठरा डेसिबलने खाली आला. पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या दूरचित्रवाणीचा आवाज मात्र जिथल्या तिथे राहिला. मग आवाज वाढवला तर सारेच वाढते. दिशादर्शी माईक येथे किती मदत करतो, याचेही माप ठरलेले आहे. चहूबाजूंनी ऐकणारा माईक एक मीटरवर ठेवल्यावर बोलणे आणि खोलीचा घुमारा यांचे जे प्रमाण मिळते, तेच प्रमाण कार्डिऑइड माईक १.७ मीटरवरून आणि सुपरकार्डिऑइड १.९ मीटरवरून देतो. आखूड शॉटगन यापेक्षा थोडा पुढे जातो. एवढाच फरक आहे. किमतीत दहापट अंतर असलेल्या दोन माईकांत जो लाभ मिळत नाही, तो माईक दोन पावले पुढे नेल्याने मिळतो.

सुपरकार्डिऑइडची एक खोड विक्रेते क्वचितच सांगतात. त्याचे ग्रहणक्षेत्र समोर अरुंद असले, तरी पाठीमागे एक लहानशी शेपूट उरतेच. कॅमेऱ्यावर बसवलेल्या माईकच्या पाठीमागे, हातभर अंतरावर कोण असते? छायाचित्रण करणारी व्यक्ती. मुलाखत देणारा अडीच मीटरवर हळू बोलत असतो आणि इकडे कॅमेरामागचा श्वास, ‘हं, हं’ असा होकार आणि लेन्सच्या स्वयंचलित मोटारीची कुरकुर इमानेइतबारे मुद्रित होत असते.

हा प्रश्न केवळ सहलीच्या आठवणींचा असता, तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. हैदराबादेत मराठी माणसाची वस्ती जुनी आहे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात जाईपर्यंत हे शहर मराठी भाषकांच्याही राजधानीचे शहर होते. कोठी, सुलतान बाजार, जांबाग या भागांतील विवेक वर्धिनीसारख्या शिक्षणसंस्था आणि इसामिया बाजारातील मराठी ग्रंथ संग्रहालय ही त्या काळाची मुद्रा आजही बाळगून आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीचा शेवट झाला, तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या पलीकडे आहेत. उर्दू आणि तेलुगूच्या छटा मिरवणारी त्यांची मराठी आता मोजक्याच घरांत कानी पडते. नातवंडांच्या हाती चांगले कॅमेरे आहेत, आजी-आजोबांना बोलते करण्याची इच्छाही आहे. गोव्याला हे चित्र परके नाही. १९ डिसेंबर १९६१ आठवणारी, त्यापूर्वीच्या शाळा, सत्याग्रह आणि तुरुंग यांविषयी सांगू शकणारी माणसे येथेही दरवर्षी कमी होत आहेत. त्यांचे बोलणे एकदाच मुद्रित होणार असते. ते दुसऱ्यांदा घ्यायची संधी मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आणि नेमके येथेच कॅमेऱ्यावरचा शॉटगन माईक सर्वाधिक दगा देतो. दिवाणखान्याची फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छत खाली, वर पंखा. वयोवृद्ध व्यक्तीचा आवाज मुळातच क्षीण. चौकटीत हात आणि चेहरा दोन्ही यावेत म्हणून कॅमेरा अडीच मीटरवर मांडलेला. बोलणाऱ्याचा आवाज थेट माईककडे येतो आणि भिंती, फरशी, छत यांवर आपटूनही येतो. हे आपटून आलेले अंश बाजूंनी नळीत शिरतात. नळी त्यांचे काही स्वर पुसते, काही सोडते. परिणामी आवाज पोकळ, डबक्यातून आल्यासारखा वाटू लागतो. मोकळ्या मैदानात गुणकारी ठरलेली नळी बंद खोलीत अडचण होते. म्हणूनच खोलीत चित्रीकरण करताना अनुभवी ध्वनिमुद्रक शॉटगन बाजूला ठेवून नळी नसलेला छोटा सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माईक डोक्याच्या वर, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरतात.

दूरचित्रवाणीच्या बातमीदाराकडे पाहिले, तरी हेच तत्त्व दिसते. ‘ईटीव्ही मराठी’ ही वाहिनी २००० मध्ये सुरू झाली, तिच्या बातम्यांचा कारभार हैदराबादलगतच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. त्याच आवारातून २०१९ मध्ये ‘ईटीव्ही भारत’ ही मोबाइलवरील बहुभाषक वृत्तसेवा निघाली, तिच्यात मराठीही आहे. दोन दशकांत कॅमेरे खांद्यावरून तळहातावर आले. परंतु मोर्चात, मंत्र्याच्या दारात, पुराच्या पाण्यात उभा राहिलेला वार्ताहर आजही वाहिनीच्या चिन्हाचा ठोकळा लावलेला साधा हातमाईक तोंडाशी धरतो. त्या माईकची दिशाप्रवृत्ती नावापुरती असते. त्याचे सारे बळ तोंडापासूनच्या वीतभर अंतरात आहे. प्रेक्षकाची सवयही येथे लक्षात घ्यावी लागते. आपला चित्रपट अनेक दशके संवाद नंतर स्टुडिओत मुद्रित करून घेत आला. ‘लगान’सारख्या चित्रपटाने २००१ मध्ये संचावरच संवाद मुद्रित केले, तेव्हा त्याची चर्चा झाली ती यामुळेच. नायक डोंगरावर आणि आवाज कानाशी, अशा श्रवणावर वाढलेला प्रेक्षक धूसर चित्र सहन करतो. अस्पष्ट बोलणे आले की तो बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढे निघून जातो.

तर मग कॅमेऱ्यावरचा शॉटगन माईक घ्यावाच कशासाठी? त्याची स्वतःची जागा आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावून चित्रीकरण करायचे, तर परवानगी लागते. तेथे स्टँड, बूम, तारा यांचा संसार मांडता येत नाही. गर्दीत, जत्रेत, चारमिनारच्या रस्त्यावर किंवा शिगम्याच्या मिरवणुकीत एकट्याने चित्रण करणाऱ्याला कॅमेरा आणि माईक एकाच हातात हवे असतात. वातावरणाचा आवाज, वाद्यांची दिशा, दीड मीटरच्या आतले बोलणे, यांसाठी उघड्या जागेत तो कॅमेऱ्याच्या अंगभूत माईकपेक्षा कितीतरी सरस ठरतो. निवड करताना म्हणूनच पहिला प्रश्न माईकच्या किमतीचा नसून चित्रण कोठे आणि किती अंतरावरून होणार, हा असायला हवा. स्वतःकडे कॅमेरा वळवून चालता-चालता बोलणाऱ्याला आठ-दहा सेंटिमीटरचा कार्डिऑइड पुरतो. उघड्यावर एक-दीड मीटरवरून बोलते करणाऱ्याला पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरचा शॉटगन उपयोगी. घरातील मुलाखतीला कॉलर माईक. ‘बोया’च्या ‘एम१’सारख्या स्वस्त कॉलर माईकलाही सहा मीटरची तार असते आणि वृद्ध माणसाचे बोलणे तो कित्येक पट महाग शॉटगनपेक्षा स्वच्छ टिपतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

शॉटगन आधीच घेऊन झालेला असेल, तर तो कॅमेऱ्यावरून खाली उतरवावा. तीन मीटरची जोडतार, साधा स्टँड किंवा दोरीने खुर्चीला बांधलेली काठीही चालेल. माईक बोलणाऱ्याच्या कपाळासमोर थोडा वर, तोंडाकडे रोखलेला, अर्ध्या मीटरच्या आत. खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतीवर चादर, खाली सतरंजी. एवढ्याने होणारा फरक ऐकल्यावर ‘कॅमेऱ्यावरचा माईक’ हे नामाभिधानच दिशाभूल करणारे वाटू लागते.

नाटक, कीर्तन, भजन यांचे प्रकरण वेगळे. दशावताराच्या मांडवात मागे उभे राहून चित्रण करणाऱ्याचा शॉटगन रंगमंच ऐकत नाही. तो जवळच्या कर्ण्याला ऐकतो. तेथे ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याकडून मिक्सरची एक तार मागून घेणे हा राजमार्ग. फक्त मिक्सरमधून येणारा संकेत माईकच्या संकेतापेक्षा फार जोरकस असतो. तो कॅमेऱ्याच्या माईकच्या छिद्रात थेट घातला, तर आवाज फाटतो. स्वतंत्र रेकॉर्डर किंवा मधे संकेत कमी करणारी जोडणी लागते.

खरेदीपूर्वी पाहण्याच्या गोष्टींत जोडणीचा घोळ सर्वांत त्रासदायक. कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटर पिनवर दोन काळ्या रेघा असतात, मोबाइलच्या पिनवर तीन. दोन रेघांची पिन मोबाइलला लावली, तर मोबाइल बहुधा आपल्याच माईकने मुद्रण करत राहतो आणि वापरणाऱ्याला ते घरी गेल्यावर कळते. काही माईक कॅमेऱ्याकडून मिळणाऱ्या थोड्या विद्युतदाबावर चालतात, काहींना स्वतःची बॅटरी लागते आणि संचावरच्या ‘४१६’सारख्यांना ४८ व्होल्ट हवे असतात, जे साधा कॅमेरा देत नाही. बॅटरी असलेल्या माईकवर ‘अधिक वीस डेसिबल’ असा खटका असेल, तर तो चालू करून कॅमेऱ्याची पातळी खाली आणावी. अनेक कॅमेऱ्यांचे आतील ध्वनिवर्धक खरखर करणारे असतात, त्यांच्यावर कमी भार पडलेला बरा. कॅमेऱ्याची स्वयंचलित ध्वनिपातळी मात्र निग्रहाने बंद करावी. बोलणारा थांबला की ती पार्श्वभूमीचा आवाज वर खेचते, बोलू लागला की दाबते, आणि सारी मुलाखत दम लागल्यासारखी ऐकू येते.

वारा हा दुसरा वैरी. सोबत मिळणारे फोमचे आवरण घरात ठीक. मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा बालाहिसारच्या माथ्यावर केसाळ आवरणाला पर्याय नाही. खर्ज कापणारा खटका वाहनांची घरघर कमी करतो. पडदाच वाऱ्याने हेलपाटत असेल, तर त्याचा फार उपयोग होत नाही. गोव्यातील वाचकांनी एक गोष्ट अधिक पाहावी. कंडेन्सर जातीच्या अनेक माईकांना दमट हवा सोसत नाही; पडद्यापाशी ओलावा साठला की चरचर सुरू होते. ‘४१६’च्या घराण्यात उच्च वारंवारतेवर चालणारी वेगळी मंडलरचना वापरलेली असल्याने ते माईक दमट हवेला बरेच पुरून उरतात, आणि त्यांच्या किमतीचे एक कारण तेही आहे. इतरांनी पावसाळ्यात माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे इष्ट.

हैदराबादेत असा माल पाहायचा, तर पावले कोठीकडे वळतात. गुजराती गल्ली आणि बँक स्ट्रीटच्या परिसरात ध्वनिवर्धकांपासून तारांपर्यंत सारे एका हाकेच्या अंतरात मिळते, आणि तेथील गजबज हीच परीक्षेची उत्तम जागा आहे. शांत काचेच्या दालनात कोणताही माईक गोड वाटतो. स्वतःचा कॅमेरा आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन बरोबर न्यावा. दुकानाच्या दारात उभे राहून सोबत्याला अर्ध्या मीटरवरून, एक मीटरवरून, मग दोन मीटरवरून तीच चार वाक्ये बोलायला लावावीत. नंतर माईक पाठमोरा करून पुन्हा. कितव्या पावलाला शब्द विरघळतात, ते तेथेच कळते. मग कॅमेरा हातात हलवून पकडीचा खडखडाट माईकमध्ये उतरतो का, तेही ऐकावे; रबरी टेकूची किंमत तेव्हा समजते. नामांकित माईकांच्या हुबेहूब नकला सर्वच शहरांत फिरत असल्याने पक्के बिल आणि हमीपत्रावरील अनुक्रमांक जुळवून घेणे गरजेचे.

मुलाखतीच्या दिवशी हेडफोन कानांवर ठेवूनच मुद्रण करावे आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर थांबून ते ऐकून पाहावे. मोबाइल हाताशी असेल, तर तो मुद्रण चालू करून आजोबांच्या शेजारी तिपाईवर उपडा ठेवावा. मुख्य माईकने दगा दिला, तर तेवढाच आधार उरतो. बोलणे संपल्यावर कोणी लगेच उठू नये. सर्वांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करून घ्यावा. संकलन करताना दोन वाक्यांमधल्या सांध्यांवर पसरायला तो लागतोच.